रस्त्यावर निघणे, रस्त्यावर येणे

‘रस्त्यावर येणे’ हा वाक्प्रचार मराठीत सर्वस्व गमावण्याच्या अर्थाने रूढ आहे. अमेरिकेत मात्र घरदार विकून, स्वयंपाकाची, झोपण्याची आणि शौचालयाची सोय असलेले मोटारघर (तिकडच्या भाषेत ‘आरव्ही’) घ्यावे आणि पंचेचाळिशीतच नोकरीला रामराम ठोकून रस्त्यावर निघावे, असा सल्ला देणारे विपुल लेखन आहे. वरवर ते प्रवासवर्णन वाटते; वस्तुतः ते हिशेबाचे लेखन आहे, आणि त्या हिशेबातून काय गाळले गेले हे पाहणे समीक्षेचेच काम आहे, असे मला वाटते.

हिशेबाचा पाया विल्यम बेंगन यांनी १९९४ साली मांडलेला चार टक्क्यांचा ठोकताळा. वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट पुंजी हवी. खर्च ४० हजार डॉलर असेल तर १० लाख. घरभाडे वा घराचा हप्ता वाचवून तो २० हजारांवर आणला तर ५ लाख. म्हणजे चाके लावल्याने निवृत्ती अनेक वर्षे अलीकडे येते. युक्तिवाद खोटा नाही. पण बेंगन यांनी विचार केला तो तीस वर्षांच्या निवृत्तीचा. पंचेचाळिशीत थांबणाऱ्यापुढे चाळीस-पन्नास वर्षे असू शकतात. ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, मेडिकेअर, साधारणपणे पासष्टीनंतरच मिळतो. शिवाय मोटारघराची किंमत वर्षागणिक घटते, आणि इंजिन बिघडले की गाडीबरोबर घरही गॅरेजमध्ये जाते.

या लेखनाचा पूर्वज थोरो. ‘वॉल्डन’मध्ये (१८५४) त्याने झोपडीचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट असा चोख मांडला, पण जमीन एमर्सनची होती, तिची किंमत त्या यादीत नाही. आजच्या मोटारघरवाल्यांचा ‘एमर्सन’ म्हणजे अमेरिकेचे सरकार. पश्चिमेकडील सरकारी जमिनीवर बऱ्याच ठिकाणी चौदा दिवस फुकट मुक्काम करता येतो. अ‍ॅरिझोनातील क्वार्ट्झसाइटजवळच्या वाळवंटात सप्टेंबर ते एप्रिल या सात महिन्यांचे शुल्क वर्षानुवर्षे अवघे १८० डॉलर होते. स्वावलंबनाची ही कथा सार्वजनिक मालमत्तेच्या आधारावर उभी आहे. तो आधार घेण्यात गैर काही नाही. त्याचा उल्लेख टाळण्यात आहे.

त्याच वाळवंटात दुसरीही माणसे असतात. जेसिका ब्रुडर यांच्या ‘नोमॅडलँड’ (२०१७) या पुस्तकात ती भेटतात: २००८ च्या मंदीनंतर घर परवडेनासे झालेली, साठी-सत्तरीत अ‍ॅमेझॉनच्या गोदामात हंगामी काम करणारी. त्यांची गाडी आणि पंचेचाळिशीतल्या निवृत्ताची गाडी शेजारी-शेजारी उभ्या राहू शकतात. फरक इतकाच, की एकाच्या पाठीशी परतण्यापुरती पुंजी आहे आणि दुसऱ्याच्या नाही. पुस्तकातील लिंडा मे यांचे स्वप्न काय, तर स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या हातांनी एक घर बांधायचे.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) पाठीवरच्या बिऱ्हाडातील सारा रोमान्स केव्हाच उतरवला आहे. कैकाडी कुटुंबाची भटकंती आणि अमेरिकन मध्यमवर्गीयाची हौस यांची तुलना करण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. पण त्या पुस्तकाने लावलेली एक सवय इथेही उपयोगी आहे: कोणी फिरत असल्याचे दिसले, की तो थांबू शकतो का, हे आधी विचारावे.

लवकर निवृत्तीच्या प्रत्येक जमाखर्चाला मी हाच प्रश्न विचारीन. उद्या गाडी कायमची बंद पडली तर हा माणूस कुठे राहील? उत्तर असेल, तर तो रस्त्यावर निघाला आहे. नसेल, तर तो रस्त्यावर आला आहे, मग त्याने त्याला कितीही सुंदर नाव दिलेले असो.