किनारा ‘शोधणारे’ आपण कोण?

सध्या रील्समध्ये एक शब्द फार चालतो: ‘अनएक्सप्लोअर्ड’. अनएक्सप्लोअर्ड बीच, अनएक्सप्लोअर्ड बेट, ‘महाराष्ट्रातलं मालदीव’, ‘कोकणातलं कॅरिबियन’. माझं म्हणणं सरळ आहे. हा शब्द खोटा आहे आणि त्याची किंमत दुसरेच लोक मोजतात.

आम्हा संभाजीनगरकरांना तरी हे कळायला अवघड जाऊ नये. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा ब्रिटिश अधिकारी शिकारीला निघाला आणि त्यानं अजिंठा ‘शोधला’, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आसपासच्या लोकांना ती लेणी आधीपासून ठाऊक होती, पण त्यांची नावं कुठेच नाहीत. स्मिथनं मात्र दहाव्या लेण्यातल्या खांबावर, थेट चित्राच्या अंगावर, स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. लोकेशनची पिन टाकून ‘मी शोधलेला किनारा’ म्हणणारा प्रत्येक जण मला या स्मिथचा वारसदार वाटतो.

गेल्या हिवाळ्यात मालवणजवळच्या देवबागहून होडीनं ‘त्सुनामी आयलंड’ला गेलो होतो. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला हा वाळूचा पट्टा. नाव भारी, गर्दी त्याहून भारी. होडीवाले काका वाटेत सांगत होते, वाळू कुठून कुठे सरकली, पाणी कुठे फसवं आहे, गावाचा किनारा लाटा कशा खातायत. ऐकत कोणीच नव्हतं. स्पीकरवर गाणी होती, हातात फोन होते. तासाभरात फोटो काढून सगळे परत. काकांचं नावसुद्धा कोणी विचारलं नाही.

आपण ज्याला ‘बीच’ म्हणतो ती कोणाची तरी कामाची जागा असते. रापण बघा. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढत आणायचे. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. म्हणजे वाळूचा तो पट्टा एकाच वेळी कारखाना, बाजार आणि गावाची चावडी असतो. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळीवाले यांचा संघर्ष इतका चिघळला, की २०१६मध्ये राज्य सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले. ज्या पाण्यासाठी हे भांडण चाललंय, त्याच पाण्यात आपण बनाना राइड करतो आणि वर म्हणतो, ‘इथे काहीच नाही यार, किती शांत!’

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘पण पर्यटनामुळे पैसा येतो ना!’ येतो. सिंधुदुर्ग १९९७मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि तिथल्या अनेक घरांची चूल आज पाहुण्यांवर चालते. माझं भांडण पर्यटनाशी नाही. पैसा कोणाच्या हातात जातो आणि अटी कोण ठरवतं, याच्याशी आहे. खऱ्या कॅरिबियनमध्ये हैतीतलं लाबादी बघा. एका क्रूझ कंपनीनं १९८०च्या दशकापासून तो किनारा भाड्यानं घेतला, भोवती कुंपण घातलं. जहाजातून उतरणारा प्रवासी त्या कुंपणाच्या आत पोहायचा, जेवायचा आणि हैतीला न भेटताच निघून जायचा. ‘कोकणातलं कॅरिबियन’ म्हणताना आपल्याला हेच हवंय का?

आपल्या शहराचं काय होतं तेही आठवा. पाहुणा चिकलठाण्याला उतरतो, हॉटेलात झोपतो, वेरूळ-अजिंठा उरकतो आणि जातो. ना गुलमंडी, ना नान-कलिया, ना कोणाशी चार शब्द. तेव्हा आपल्याला राग येतो. समुद्रावर गेल्यावर आपणही तसेच वागतो.

मग काय करायचं? घरी बसायचं? मुळीच नाही. होडीत बसा, पण होडीवाल्या काकांचं नाव विचारा. त्यांनी लाइफ जॅकेट घाला म्हटलं तर ‘फोटो खराब येतो’ म्हणू नका. मे २०२२मध्ये तारकर्लीत स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. गावातल्या घरी राहा. जून-जुलैत मासेमारीला बंदी असताना ताज्या सुरमईसाठी हट्ट धरू नका आणि एरवीही बांगडा, तारली खाऊन बघा. रापण ओढत असतील तर ड्रोन उडवण्याआधी विचारा. मग दोराला हात लावता येईल का, तेही विचारा.

आणि कॅप्शनमध्ये ‘शोधला’ लिहू नका. ‘दाखवला’ लिहा, आणि कोणी दाखवला तेही लिहा. स्मिथनं एवढंच केलं असतं, तर २०० वर्षांनी आपल्याला अजिंठ्याच्या एखाद्या गावकऱ्याचं नाव माहीत असतं.