टेबलावर यूएसबी, शेतात सीरियलच हवे!

रावेर-यावलमधील केळीच्या बागेत किंवा धुळे तालुक्यातील कापसाच्या शेतात मातीचा ओलावा मोजणारे यंत्र घरीच बनवायचे, तर ते कॉम्प्युटरला जोडायचे कसे? यूएसबीने की सीरियलने?

टेबलावर यूएसबी सोयीचे. एकाच केबलमधून वीजही मिळते आणि माहितीही जाते. पण यूएसबी २.० ची केबल जेमतेम ५ मीटर चालते. विहिरीवरच्या खोलीपासून बागेच्या टोकापर्यंत ती कशी पुरणार?

इथे आरएस-४८५ ही सीरियल जोडणी कामाला येते. वेग कमी ठेवला, तर पीळ दिलेल्या दोन तारांवरून संदेश सुमारे १२०० मीटर जातो. त्याच तारांवर ३२ उपकरणे बसू शकतात. शिवाय दोन तारांमधील व्होल्टेजचा फरक वाचला जात असल्याने पंपाच्या मोटरमुळे होणारा विद्युत अडथळा बराच कमी होतो.

सावधगिरी एकच. जुन्या कॉम्प्युटरच्या आरएस-२३२ पोर्टला ५ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर थेट जोडू नका. तिथे १२ व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब असू शकतो आणि चिप जळते. मध्ये मॅक्स२३२सारखी चिप लावा.

सीरियल जुने म्हणून टाकाऊ, हा समज चुकीचा आहे. आर्डुइनो उनो यूएसबीने जोडला, तरी बोर्डावरची एक चिप त्या माहितीचे रूपांतर सीरियलमध्येच करते. त्यामुळे विद्यार्थ्यांनी प्रोग्राम यूएसबीने भरावा, शेतातली जोडणी मात्र सीरियलने करावी. आणि महाविद्यालयांनी अशा प्रकल्पांना गुण द्यावेत ते प्रयोगशाळेत नव्हे, बांधावर!