परताव्यालाही चार वर्षे द्या

२०२४-२५ या आर्थिक वर्षाचे आयकर विवरणपत्र भरले, पण मुलाच्या शैक्षणिक कर्जाचे व्याज दाखवायचे राहून गेले, अशा पगारदाराला चूक दुरुस्त करण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच मुदत होती. त्या दिवसापर्यंत सुधारित विवरणपत्र भरले, तर जादा कापलेला कर परत मिळणार होता. १ जानेवारीला तोच माणूस तीच कागदपत्रे घेऊन गेला, तर त्याला आयुक्तांकडे अर्ज करून उशीर माफ करा म्हणून विनंती करावी लागणार होती. त्याच वर्षात आपण कर कमी भरला असे मात्र त्याला कळले आणि सरकारला पैसे द्यायचे असतील, तर पोर्टल पुढची चार वर्षे उघडे आहे. हा भेद अन्यायाचा आहे आणि तो काढून टाकला पाहिजे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या खामगावात हा प्रश्न जेवढा दिसतो त्यापेक्षा खोल आहे. शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून हाकेच्या अंतरावर असले, तरी सगळ्यांना तिथे प्रवेश मिळत नाही आणि सगळ्यांना अभियंता व्हायचेही नसते. बारावीनंतर मुले अकोला, अमरावती, नागपूर, पुण्याला जातात. वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक, आई नगरपालिकेत किंवा रुग्णालयात, कुणी महावितरणमध्ये, कुणी एमआयडीसीतल्या कारखान्यात. ठेवी मोडून पहिल्या वर्षाची फी भरली जाते आणि दुसऱ्या वर्षी बँकेच्या दारात जावे लागते. कर्जावर मुलाबरोबर आई किंवा वडिलांची सही असते आणि मुलाला नोकरी लागेपर्यंत व्याज आई-वडिलांच्या पगारातून जाते. या व्याजासाठी आयकर कायद्यात कलम ८०ई आहे. २००५ च्या वित्त कायद्याने या सवलतीवरची रकमेची मर्यादा काढली. जेवढे व्याज प्रत्यक्ष भरले, तेवढे सगळे करपात्र उत्पन्नातून वजा होते. व्याज भरायला सुरुवात झाली ते वर्ष आणि पुढची सात, अशी आठ वर्षे ही सवलत मिळते. त्यातले एखादे वर्ष चुकले, तर ते शेवटी जोडून मिळत नाही. गेले ते गेले.

चुकते कुठे? बहुतेकदा गणनापत्रकात. जानेवारी-फेब्रुवारीत शाळाशाळांतून आयकराची गणनापत्रके भरून घेतात. भविष्य निर्वाह निधी, विम्याचे हप्ते, घरकर्जाची मुद्दल हे रकाने सवयीने भरले जातात, कारण ते दरवर्षी तेच असतात. शैक्षणिक कर्जाचे व्याज नवे असते, बँकेची शाखा अनेकदा मुलाच्या कॉलेजच्या गावी असते आणि व्याजाचा दाखला वेळेत हाती येत नाही. रकाना कोरा राहतो. शालार्थ या वेतनप्रणालीतून पगार निघतो तेव्हा कर कापलेला असतो. जूनमध्ये फॉर्म १६ येतो, तो जसाच्या तसा विवरणपत्रात उतरवला जातो. ‘ऑफिसने कापला तो कापला’ ही समजूत इतकी पक्की आहे की, कार्यालयाला दिली नाही ती वजावट विवरणपत्रात स्वतः मागता येते, हे कित्येकांना ठाऊकच नसते. ८०सी (भविष्य निर्वाह निधी, विमा, मुलांची फी वगैरे) आणि ८०ई या दोन्ही वजावटी फॉर्म १६ मध्ये नसल्या, तरी विवरणपत्रात थेट मागता येतात. कागद मात्र घरात हवा.

रक्कम किती म्हणाल? जुन्या करपद्धतीत एखाद्याचे करपात्र उत्पन्न ५,६०,००० रुपये आहे असे धरू. उपकरासह त्याचा कर २५,४८० रुपये होतो. त्याने वर्षभरात ७०,००० रुपये व्याज भरले असेल आणि ते वजा केले, तर उत्पन्न ४,९०,००० वर येते. पाच लाखांच्या आत आल्यामुळे कलम ८७ए ची सूट लागू होते आणि कर शून्य. एक कोरा रकाना म्हणजे साडेपंचवीस हजारांचे नुकसान. हे सलग तीन वर्षे घडले, तर मुलाच्या वसतिगृहाच्या खर्चाला हातभार लागेल एवढी रक्कम तिजोरीत पडून राहते, आणि ती सरकारची नसते. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता किंवा वसूल करता येणार नाही, असे संविधानाचे कलम २६५ सांगते. कायद्याने जे उत्पन्न करातून वगळले त्यावरचा कर निव्वळ तारीख उलटली म्हणून ठेवून घेणे या कलमाच्या भावनेशी जुळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता दोन दरवाजे शेजारी ठेवून पाहू. २०२२ च्या वित्त कायद्याने ‘अद्ययावत विवरणपत्र’ आणले. त्याची मुदत आधी दोन वर्षे होती, २०२५ मध्ये ती चार वर्षे झाली. उशीर वाढत जातो तसा कर आणि व्याजाच्या रकमेवर २५, ५०, ६० आणि शेवटी ७० टक्के जादा भरावे लागतात. पण त्यातून कर कमी होत असेल किंवा परतावा निघत वा वाढत असेल, तर हे विवरणपत्र भरताच येत नाही. कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे जुने वर्ष उघडून तपासायला आयकर खात्याला अडचण नाही. पैसा खात्याकडे येणार असेल तर चार वर्षांपूर्वीचा हिशेबही चालतो. मग अडचण कशाची, हे सरकारने सांगावे.

मुदत गेलेल्यांसाठी एक अरुंद वाट आहे. ती फार कमी लोकांना माहीत असल्यामुळे इथे सविस्तर सांगतो. कलम ११९(२)(ब) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ ऑक्टोबर २०२४ रोजी काढलेल्या ११/२०२४ या परिपत्रकानुसार एक कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्याचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात. करनिर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या लगतचे पुढचे वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत अर्ज चालतो. पूर्वी ही मुदत सहा वर्षे होती, ती घटवली. शक्यतो सहा महिन्यांत निर्णय द्यावा असेही त्यात म्हटले आहे. अर्जदाराला खरी अडचण होती आणि दावा खरा आहे, हे पटवून द्यावे लागते. अर्ज मंजूर झाला, तरी उशिरा मागितलेल्या परताव्यावर व्याज मिळत नाही. सरकारचे देणे उशिरा दिले तर ७० टक्क्यांपर्यंत जादा, आणि सरकारकडून उशिरा घेतले तर व्याजही नाही.

दुसरी वाट कलम २६४ ची. विवरणपत्रावर प्रक्रिया होऊन सूचना हाती आल्यापासून एक वर्षाच्या आत, ५०० रुपये शुल्क भरून, आयुक्तांकडे फेरविचार मागता येतो. चूक करदात्याची स्वतःची असली, तरी या कलमाखाली दाद देता येते, असे उच्च न्यायालयांनी एकाहून अधिक वेळा म्हटले आहे. या दोन्ही वाटांवर चालायला सल्लागार लागतो, चकरा लागतात. वीस-पंचवीस हजारांसाठी पगारदार माणूस त्या फंदात पडत नाही. त्याचा हक्क नाकारलेला नसतो, तो वापरणे महाग करून ठेवलेले असते.

खात्याचीच एक जुनी शिकवण इथे आठवते. ११ एप्रिल १९५५ रोजी तत्कालीन केंद्रीय महसूल मंडळाने काढलेल्या परिपत्रकात अधिकाऱ्यांना बजावले होते की, करदात्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नका. त्याला मिळण्यासारखी सूट असेल तर ती दाखवून द्या. सत्तर वर्षे झाली, तरी न्यायालयांत या परिपत्रकाचा आधार अजून घेतला जातो. आज माणसाच्या जागी संगणक प्रक्रिया करतो. खात्याला न कळवलेले उत्पन्न तो शोधून काढतो, आणि ते योग्यच आहे. पण न मागितलेली सवलत तो दाखवून देत नाही. २०२५-२६ या करनिर्धारण वर्षापासून ८०ई मागणाऱ्याला कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव, कर्जखात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख आणि शिल्लक रक्कम भरावी लागते. एकदा हा क्रमांक खात्याकडे गेला की, पुढच्या वर्षी व्याजाचा रकाना कोरा दिसल्यावर करदात्याला एक संदेश पाठवायला काय हरकत आहे?

जुनी वर्षे उघडली तर खोटे दावे वाढतील, असा आक्षेप येईल. तो हलका नाही. १४ जुलै २०२५ रोजी खात्याने खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांविरुद्ध देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. दुरुपयोग झालेल्या कलमांत ८०ई चेही नाव होते. परतावा काढून देतो म्हणत टक्केवारी मागणारे दलाल गावोगाव आहेत. त्यांच्या नादी लागू नका, हे आम्ही वाचकांना कळकळीने सांगतो. पण खोटे दावे झाले ते वेळेत भरलेल्या विवरणपत्रांतूनच. त्यावर उपाय पडताळणी हा आहे. शैक्षणिक कर्जाइतका सहज पडताळता येणारा दावा दुसरा कुठला सापडेल? बँकेचा दाखला, कर्जखाते आणि पगारातून गेलेला हप्ता, तिन्ही ठिकाणी नोंद असते.

सवलत कुठे मिळत नाही तेही सांगायला हवे, कारण आपल्या भागात इथेच गल्लत होते. पगारदारांच्या पतसंस्थेचे कर्ज चटकन मिळते म्हणून अनेकजण मुलाच्या फीसाठी ते उचलतात. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. त्या व्याजाला ८०ई लागू नाही. नातेवाइकाकडून किंवा सोने तारण ठेवून काढलेल्या पैशाचेही तेच. ८०सी खाली फी मिळते ती फक्त शिक्षण शुल्काची (ट्यूशन फी), भारतातल्या पूर्णवेळ शिक्षणाची आणि दोन मुलांपुरती. देणगी, विकास शुल्क, कोचिंग क्लास, वसतिगृह, बस यांची नाही. आई-वडील दोघेही कर भरत असतील, तर प्रत्येकाला दोन-दोन मुलांची फी स्वतंत्रपणे दाखवता येते, ही बाब मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नवी करपद्धत घेतली असेल, तर या दोन्ही वजावटी नाहीत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी पद्धत आपोआप लागू होते आणि जुनी हवी असल्यास पगारदाराने ती मुदतीतल्या विवरणपत्रातच निवडावी लागते. त्यामुळे त्याआधीच्या वर्षांत हुकलेल्या रकमा शोधणाऱ्याला यश येण्याची शक्यता अधिक.

ज्याच्या उत्पन्नावर करच नाही, त्या कापूस-सोयाबीन उत्पादकाला या सवलतीचा उपयोग शून्य आहे. त्याच्या मुलाच्या कर्जाचा प्रश्न वेगळा आणि अधिक कठीण आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे.

इतर देश काय करतात? अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी कुटुंब मुलाच्या कॉलेजसाठी मिळणारी अडीच हजार डॉलरपर्यंतची करसवलत मागायला विसरले, तर सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंत जुने विवरणपत्र सुधारून ती घेऊ शकते. ब्रिटनमध्ये जादा भरलेला कर चार वर्षांपर्यंत मागता येतो. कॅनडात मागच्या दहा वर्षांची विवरणपत्रे बदलून घेण्याची विनंती करता येते. यांपैकी कुठल्याही देशाची तिजोरी त्यामुळे रिकामी झालेली नाही.

आवाज उठवला तर कायदा बदलतो, हे २०२५ मध्ये दिसले. फेब्रुवारीत मांडलेल्या नव्या आयकर विधेयकात, विवरणपत्र मुदतीत भरले नाही तर परतावाच नाही, अशी तरतूद होती. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने ती काढायला सांगितली आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या कायद्यात ती राहिली नाही. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सने जनहित याचिका केली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सुधारित विवरणपत्राची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली होती. नव्या कायद्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासूनची आहे. जुन्या वर्षांची अद्ययावत विवरणपत्रे परताव्यासाठीही स्वीकारली जातील, एवढी दुरुस्ती येत्या अर्थसंकल्पात करता येईल. परताव्याला रकमेची मर्यादा घाला, बँकेचा दाखला सक्तीचा करा, पण चार वर्षे द्या. बुलढाण्याच्या खासदारांनी आणि शिक्षक संघटनांनी ही मागणी दिल्लीपर्यंत न्यावी.

तोपर्यंत वाचकांनी आपल्या हातातले करावे. मागच्या सहा वर्षांचे फॉर्म १६ काढा, बँकेकडून वर्षवार व्याजाचे दाखले मागा, आणि ८०ई चा रकाना कुठल्या वर्षी कोरा राहिला ते पाहा. जुन्या पद्धतीने भरलेले २०२४-२५ चे विवरणपत्र सुधारण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. २०१९-२० या आर्थिक वर्षासाठी उशीर माफीचा अर्ज करण्याची शेवटची तारीख: ३१ मार्च २०२६.