मूत्राशयात लपलेला कर्करोग दिसतो कसा?

लघवीतून एकदा रक्त गेलं, दुखलं काहीच नाही आणि दुसऱ्या दिवशी लघवी पुन्हा स्वच्छ झाली, की ‘उष्णता वाढली असेल’ म्हणून बरेच जण विषय सोडून देतात. स्त्रियांमध्ये तर इन्फेक्शन समजून फक्त गोळ्या घेतल्या जातात. पण वेदना न होता रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वात नेहमीचं लक्षण आहे. धूम्रपान करणाऱ्यांना धोका अधिक असतो.

सोनोग्राफी नॉर्मल आली तरी डॉक्टरांनी सुचवलेली दुर्बिणीची तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, टाळू नका. यात लघवीच्या मार्गातून बारीक दुर्बीण घालून मूत्राशय आतून पाहतात.

पांढरा प्रकाश कुठे कमी पडतो?

फुलकोबीसारखी वर आलेली गाठ साध्या पांढऱ्या प्रकाशात दिसते. पण ‘कार्सिनोमा इन सिटू’ हा प्रकार सपाट असतो. तो सूज आल्यासारखा लालसर डाग वाटतो, कधी दिसतही नाही. उपचार झाले नाहीत तर तो स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो.

निळ्या प्रकाशाची मदत

तपासणीच्या सुमारे तासभर आधी कॅथेटरने मूत्राशयात एक औषध सोडतात. कर्करोगाच्या पेशींमध्ये त्यापासून प्रकाशणारा पदार्थ साठतो आणि निळ्या प्रकाशात त्या गुलाबी-लाल चमकतात. गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेतही ही पद्धत वापरतात, त्यामुळे नजरेतून सुटणारा भाग काढता येतो. नॅरो बँड इमेजिंग या दुसऱ्या पद्धतीत औषध लागत नाही. निळ्या-हिरव्या प्रकाशात रक्तवाहिन्या ठळक होतात आणि संशयास्पद जागा उठून दिसते.

अर्थात चमकणारी प्रत्येक जागा कर्करोगाची नसते, सूजही चमकते. खात्री बायोप्सीनेच होते. या सोयी सगळीकडे नाहीत. तिथे लघवीतील पेशींची तपासणी, बायोप्सी आणि गरजेनुसार काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहणं, हे मार्ग आहेत.

युरोलॉजिस्टना हे विचारा

• गाठ पूर्ण निघाली का? बायोप्सीत स्नायूचा भाग आला होता का?
• सपाट कर्करोगाची शंका आहे का?
• मूत्राशयात बीसीजी औषध सोडावं लागेल का?
• पुढची तपासणी केव्हा?

हा आजार पुन्हा उद्भवतो, म्हणून सुरुवातीला साधारण 3 महिन्यांनी सिस्टोस्कोपी करतात. बरं वाटतंय म्हणून ती तारीख चुकवू नका.