सुई, जखम आणि फौजदार

ब्रह्मदेशाच्या सरहद्दीला भिडलेल्या मणिपुरात १९८९-९० च्या सुमारास, नशेची सुई टोचून घेणाऱ्यांमध्ये ज्या एचआयव्हीचा तोवर मागमूस नव्हता, तो अल्पावधीतच त्यांच्यातील निम्म्याच्या आसपास लोकांच्या रक्तात आढळला, आणि उर्वरित देशाने या अनर्थाचे खापर ‘नंबर फोर’ नावाने विकल्या जाणाऱ्या हेरॉइनवर व व्यसनी माणसाच्या दुर्वर्तनावर फोडून आपली सुटका करून घेतली. परंतु एकच सिरिंज चार दंडांतून का फिरते, हा प्रश्न नीतीचा नसून पुरवठ्याचा व धास्तीचा आहे. खिशात सुई सापडली की चौकीवर नेतील, या भयाने जो आडोशाला बसून, त्वचा न पुसता, घाईघाईने शीर शोधतो, त्याच्या कातडीवरचे स्टॅफिलोकॉकस जंतू थेट रक्तात उतरतात, दंडावर गळू धरते, आणि प्रसंगी तेच जंतू हृदयाच्या उजव्या झडपेवर ठाण मांडतात. त्यात अफूजन्य द्रव्ये देहाच्या रक्षक पेशींनाच शिथिल करतात. मॉर्फीन दिलेल्या गिनिपिगांची जंतुभक्षक शक्ती खालावते, हे कांताकुझेन या रुमानियन वैद्यकशास्त्रज्ञाने १८९८ सालीच दाखविले होते. उपासमार आणि जागरण हे वर आलेच.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणाने देशात सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख लोक असल्याचा अंदाज दिला. त्यांच्यासाठी सरकारचेच एक खाते निर्जंतुक सुया पुरवते, आणि १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा सेवनालाच गुन्हा ठरवितो. वास्तविक २०१७ च्या एचआयव्ही प्रतिबंधक कायद्याच्या कलम २२ ने अशा सुईवाटपाला गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले आहे. पण मुंबईच्या फलाटावर ‘गर्दुल्ला’ म्हणून ज्याची मानगूट धरली जाते, त्याच्या वतीने हे कलम वाचून दाखवणार कोण?

सुई मोफत वाटली म्हणून व्यसनाला उत्तेजन मिळते, हा आक्षेप मला आळशी वाटतो. उलट माझी तक्रार अशी की, नुसती सुई अपुरी आहे. ती जेथे मिळते तेथेच गळू फोडून मलमपट्टी करण्याची तजवीज हवी; आणि जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, जिच्यामुळे टोचण्याच्या खेपाच घटतात, ती मजुराची रोजंदारी बुडणार नाही अशा वेळी, म्हणजे भल्या पहाटे किंवा दिवेलागणीनंतर, मिळावयास हवी. कलम २२ ची मराठी प्रत ठाण्याठाण्यांत धाडण्यास तर नव्या अर्थसंकल्पाचीही गरज नाही. गृहखात्याचे एक परिपत्रक पुरेल.