केसांवरचा थर आणि बोरीची पाने



केस धुऊन दिवस सरत नाही तोच ते चिकट होतात, डोके खाजवले की नखात पांढरट मळ येतो, ओढणीखाली कोंदट वास येतो. शाळेतल्या मुलींकडून ही तक्रार वरचेवर ऐकायला मिळते. मग घरात सोडा, लिंबू, मुलतानी माती, जे हाताला लागेल ते डोक्याला लावले जाते. थर कशाचा आहे हे आधी ओळखले, तर उपाय सोपा होतो.

तेलाचा थर : रोज तेल लावून आठवड्याने केस धुतले की हा साचतो. पाच-सहा रिठे फोडून बिया काढाव्यात, दोन पेले पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी उकळून गाळावेत. हे पाणी मुळांना चोळून केस भरपूर पाण्याने धुवावेत. रिठा डोळ्यांत गेल्यास फार झोंबतो, म्हणून लहान मुलांना जपून लावावा. त्याने केस कोरडे पडतात. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

क्षारांचा थर : आपल्या खान्देशात बऱ्याच घरांना बोअरच्या पाण्यावर भागवावे लागते. बादलीला पांढरे डाग पडत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत. ते साबणाशी मिळून केसांवर राप धरतात. केस धुतल्यावर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा सिरका किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घालून ते केसांवर ओतावे, दोन मिनिटांनी साध्या पाण्याने धुवावे. नुसते लिंबू डोक्यावर घासू नये, आग होते. पावसाळ्यात पन्हाळीचे स्वच्छ पाणी धरून ठेवले तर त्यासारखे दुसरे नाही.

सीरमचा थर : बाटलीवर ‘डायमेथिकोन’ असे नाव दिसले की समजावे, हा थर नुसत्या पाण्याने निघत नाही. लिंबानेही नाही. साधा, पारदर्शक शॅम्पू दोनदा लावावा आणि सीरम मुळांना न लावता फक्त टोकांना लावावे.

खाण्याचा सोडा मात्र टाळा. तो अल्कलीयुक्त असल्याने केस खरखरीत होऊन तुटतात. सोडा आणि लिंबू एकत्र केल्यास फसफसून दोघांचाही गुण जातो.

आता बोरीची पाने. आपल्याकडे ती आठवतात मय्यतच्या गुस्लच्या वेळी, म्हणून एरवी लावायला मन कचरते. पण सहीह मुस्लिममधील हदीसनुसार प्रेषितांनी (स.) मासिक पाळीनंतरच्या गुस्लसाठीही स्त्रियांना पाणी आणि सिद्र वापरायला सांगितले. सिद्र म्हणजे बोरीच्या जातीचेच झाड. बोरी आपल्या शेताच्या बांधावर उभ्याच असतात. पाने धुऊन सावलीत वाळवावीत, कुटून चाळावीत. दोन-तीन चमचे पूड कोमट पाण्यात कालवून घोटली की हलका फेस येतो. रिठ्यापेक्षा ती सौम्य असते.

हा विषय नुसत्या सौंदर्याचा नाही. गुस्लमध्ये पाणी केसांच्या मुळांपर्यंत पोहोचले पाहिजे. साध्या तेलाने किंवा मेंदीच्या रंगाने गुस्ल अडत नाही. मेणासारखा जाड थर पाणी अडवत असेल तर तो आधी काढावा. शंका असल्यास आलिमांना विचारावे. घट्ट वेणी सोडण्याची सक्ती नाही, हे उम्मे सलमा (रजि.) यांच्या हदीसवरून कळते. म्हणजे दीनने आपल्यावर ओझे टाकलेले नाही, स्वच्छता तेवढी मागितली आहे.

मुलींनो, ओल्या केसांवर स्कार्फ बांधू नका. सकाळी शाळेची घाई असेल तर केस आदल्या दिवशी दुपारी धुवा. आणि डोक्यावर फोड, चट्टे किंवा टक्कल दिसले तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.