गाडी हौसेची नव्हे, नाइलाजाची

भिवंडीत हप्त्यावर गाडी घेणाऱ्याला चैनीखोर म्हणणे सोपे आहे. पण 2011 च्या जनगणनेत सात लाखांवर लोकसंख्या असलेले हे शहर उपनगरी लोकलच्या मुख्य मार्गावर नाही. भिवंडी रोड स्थानक आहे वसई–दिवा मार्गावर, तेही अंजूरफाट्याला. तिथे गाड्या मोजक्याच. शेजारच्या ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांची स्वतःची परिवहन सेवा आहे. भिवंडीकराची भिस्त त्यांच्या बसवर, एसटीवर आणि शेअर रिक्षावर. शिवाय रोजगार मानकोली, वळ, पूर्णा, दापोडा इथल्या गोदामांत पसरलेला. रात्रपाळी सुटल्यावर महामार्गाकडेला कंटेनरच्या रांगेतून वाट काढणाऱ्या कामगाराला दुचाकी आणि जमल्यास चारचाकी हवीशी वाटते, यात नवल ते काय?

रिक्षा आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत, पण त्या सवारी भरल्याशिवाय हलत नाहीत आणि आडवेळी भाडे चालक सांगेल ते. बस वाढवा म्हटले तर कोंडीत बसही अडकणारच, हा आक्षेप खरा आहे. मात्र चाळीस माणसांची एक बस चाळीस दुचाकींपेक्षा कितीतरी कमी रस्ता अडवते. उरली मेट्रो. ठाणे–भिवंडी–कल्याण मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झाले. तो पूर्ण झाला तरी स्थानकापासून गोदामापर्यंतचा प्रवास उरतोच. म्हणून पाळ्यांच्या वेळा धरून अंजूरफाटा, राजनोली नाका आणि गोदामपट्टा जोडणाऱ्या बस आधी हव्यात, आणि त्यांच्या खर्चाचा वाटा गोदाममालकांनीही उचलायला हवा. कंटेनरना रस्ता याच शहराने दिला आहे.